सुझुकाच्या पश्चिमेची महासेना

जपानच्या होन्शू बेटाच्या कमरेशी, नागोया आणि क्योतो ह्या दोन शहरांच्या मधोमध, सुझुका नावाची डोंगररांग दक्षिणोत्तर पसरलेली आहे. १९४५ च्या एप्रिलात तोक्योच्या शाही युद्धमंडळाने नकाशावर ह्या रांगेवरून एक रेघ ओढली आणि मायभूमीच्या संरक्षणाचा सारा कारभार दोन सुभ्यांत वाटून टाकला. रेघेच्या पूर्वेचा मुलूख पहिल्या महासेनेच्या दिमतीस गेला. तिचे ठाणे तोक्यो. पश्चिमेचा मुलूख, म्हणजे ओसाका आणि क्योतो, अंतस्थ समुद्राच्या काठची सारी गावे, शिकोकूचे बेट आणि सर्वांत दक्षिणेचे क्यूशू, हा दुसऱ्या महासेनेच्या वाट्यास आला. तिचे ठाणे हिरोशिमा. पुढील पानांचा विषय ही दुसरी महासेना होय.

ह्या हुकुमाचा मुहूर्त पाहण्याजोगा आहे. १ एप्रिलला ओकिनावाच्या किनाऱ्यावर अमेरिकन फौज उतरली. ७ एप्रिलला यामातो ही जगातील सर्वांत मोठी युद्धनौका, ओकिनावाकडे निघालेली असताना, विमानांच्या माऱ्याखाली बुडाली. त्याच दिवशी वृद्ध नौसेनापती सुझुकी कांतारो ह्यांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. आणि दुसऱ्याच दिवशी, ८ एप्रिलला, मायभूमीवरील अखेरच्या संग्रामाची ‘केत्सु’ ह्या नावाने ओळखली जाणारी योजना आणि तिच्या अंमलबजावणीसाठी ह्या नव्या महासेना, अशी दोन्ही कागदावर आली. ‘महासेना’ ही जपानी लष्कराच्या श्रेणीतील सर्वोच्च पायरी होती. डिव्हिजनांची सेना, सेनांची क्षेत्रसेना आणि क्षेत्रसेनांवर ही महासेना, असा तो चढता क्रम. आणि मांचुरियातील क्वान्तुंग सेना, चीनमधील मोहिमेची फौज किंवा दक्षिणेकडील जिंकलेल्या मुलखाची फौज ह्यांच्यासारख्या परमुलखातील प्रचंड जमावांसाठीच ती तोवर राखून ठेवलेली होती. स्वतःच्या घराच्या अंगणात तीच पायरी उभारण्याची पाळी आली, ह्यावरून साम्राज्याच्या सीमा किती आत सरकल्या होत्या ते उमगते.

हिरोशिमाची निवड सहेतुक होती. १८९४ साली चीनशी युद्ध जुंपले तेव्हा खुद्द मेइजी सम्राटांनी आपला युद्धदरबार ह्याच शहरातील किल्ल्यात हलवला होता, आणि पार्लमेंटाची बैठकही तेथेच भरली होती. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत परदेशी मोहिमेवर निघणाऱ्या असंख्य पलटणी उजिना ह्या त्याच्या बंदरातून जहाजांवर चढल्या. अशा शहरात बराकी, कोठारे, कवायतीची मैदाने आणि लष्करी दप्तरे ह्यांची वाण नव्हती. शिवाय एक कटू हिशेब त्यामागे होता: शत्रू उतरला म्हणजे देशाचे दोन तुकडे पडणार, तोक्योचा हुकूम क्यूशूपर्यंत पोहोचणार नाही, तेव्हा पश्चिमेस एखादा मुखत्यार असला पाहिजे, की जो वरून आज्ञा न येताही लढाई चालवील. फुताबा टेकडीच्या पायथ्याशी, रेल्वे स्थानकाच्या मागील अंगास, एका जुन्या घोडदळाच्या बराकीत ह्या मुखत्याराची कचेरी थाटण्यात आली.

तो मुखत्यार म्हणजे फील्डमार्शल हाता शुनरोकू. हा मनुष्य लष्करी मुत्सद्द्यांच्या मालिकेतला. १९४० साली युद्धमंत्री असताना त्याने राजीनामा दिला आणि लष्कराने त्याच्या जागी दुसरा मंत्री देण्याचे नाकारले, एवढ्यावर पंतप्रधान योनाइ ह्यांचे मंत्रिमंडळ कोसळले. पुढे चीनमधील सर्व जपानी फौजेचा तो सेनापती झाला, आणि १९४४ च्या ज्या मोहिमेने मध्य व दक्षिण चीन उभा चिरला ती त्याच्याच आधिपत्याखाली सुरू झाली. दुसऱ्यांच्या भूमीवर फौजा चालवण्यात हयात घालवलेल्या सेनापतीकडे आता स्वतःच्या देशाचा किनारा आला. त्याच्या हाताखाली दोन क्षेत्रसेना होत्या: ओसाकाची पंधरावी आणि फुकुओकाची सोळावी. ओसाकाच्या सेनेविषयी ह्या प्रस्तावनेत फारसे लिहीत नाही, कारण संकट जेथे येणार हे सगळ्यांना दिसत होते ते क्यूशू होते.

आता ही फौज उभी कशी राहिली ते पाहू. १९४५ च्या फेब्रुवारी, एप्रिल आणि मे अशा तीन खेपांत मायभूमीसाठी चाळीसच्या आसपास नव्या डिव्हिजना उभारण्याचा हुकूम झाला. त्यांचे दोन वर्ग होते. एक किनाऱ्यावरच्या डिव्हिजना: त्यांना वाहने नाहीत, घोडे नाममात्र, तोफा थोड्या, त्यांनी वाळूच्या मागे खंदक व भुयारे खणायची, आणि नेमून दिलेल्या जागी अखेरपर्यंत राहायचे. दुसऱ्या प्रतिचढाईच्या डिव्हिजना. त्यांना त्यातल्या त्यात बरी सामग्री, आणि त्यांनी आतल्या बाजूस थांबून, शत्रू कोठे उतरतो ते कळताच त्याच्यावर तुटून पडावयाचे. कागदावर ही विभागणी शास्त्रशुद्ध आहे. माणसांकडे वळले म्हणजे चित्र पालटते. लष्करी नोकरीची वयोमर्यादा १९४३ साली चाळिसावरून पंचेचाळिसावर नेण्यात आलेली होती. तेव्हा गावच्या कचेरीतला कारकून ज्या घरी तांबडा कागद, म्हणजे भरतीचा हुकूम, पोहोचवी, त्या घरातला कर्ता पुरुष पुष्कळदा दोनतीन मुलांचा बाप असे, आणि पूर्वी एकदा प्रकृतीच्या कारणास्तव त्याला नाकारलेलेही असे. तरुण व कसलेल्या पलटणी केव्हाच फिलिपाइन्सच्या जंगलांत, ब्रह्मदेशात आणि प्रशांत महासागरातल्या बेटांवर संपल्या होत्या किंवा अडकून पडल्या होत्या.

सामग्रीविषयी एकच वस्तू जवळून पाहावी. लोखंड उरले नाही, म्हणून हातबाँब चिनी मातीचे करण्यात आले. बिझेन, आरिता, सेतो इत्यादी ठिकाणी शतकानुशतके चहाचे पेले, फुलदाण्या व साकेच्या सुरया घडवणाऱ्या भट्ट्यांना ह्या कामाची मागणी गेली. मुठीत मावेल एवढे गोल वा उभट भांडे, आत स्फोटक द्रव्य, तोंडाशी रबराचे टोपण आणि घासून पेटवावयाची वात. त्याचे कवच फुटून उडणाऱ्या कपच्या लोखंडाच्या मानाने अर्थातच दुबळ्या. पण भट्टी, माती आणि कुंभार हे तिन्ही देशात होते, आणि पोलाद नव्हते. ह्यांतील बिझेन व आरिता ही दोन्ही गावे दुसऱ्या महासेनेच्याच मुलखात येतात. ह्याच्या जोडीला बांबूची म्यान असलेल्या संगिनी आणि लांब काठीच्या टोकाला बसवलेला सुरुंग, की जो घेऊन शिपायाने शत्रूच्या रणगाड्यावर धावून जावयाचे आणि स्वतःसह त्याला उडवावयाचे. रानावनांतून शाळकरी मुले व म्हातारीकोतारी पाइनची मुळे खणत होती, का की त्या मुळांच्या तेलापासून विमानाचे इंधन काढण्याचा सरकारचा बेत होता. ह्या सगळ्याची थट्टा करणे सोपे आहे, आणि ती पुष्कळांनी केलेलीही आहे. पण ज्या देशाने चाळीस वर्षांपूर्वी रशियाच्या आरमाराचा फडशा पाडला त्या देशाचे युद्धखाते कुंभाराच्या चाकापर्यंत येऊन ठेपले, ह्यात हसण्यासारखे मला तरी काही दिसत नाही.

योजनेची बुद्धी मात्र ह्या सामग्रीच्या मानाने फार तल्लख होती. ओकिनावा पडल्यावर अमेरिकन लढाऊ विमाने तेथील धावपट्ट्यांवरून कोठवर पोहोचतील, मोठ्या जमावाला उतरण्याजोगी सपाट वाळू कोठे आहे, आणि उतरल्यानंतर विमानतळ बांधण्याजोगी जमीन कोठे मिळेल, एवढ्या तीन प्रश्नांवरून सोळाव्या क्षेत्रसेनेच्या अधिकाऱ्यांनी उत्तर काढले: दक्षिण क्यूशू, आणि त्यातही मियाझाकीचा किनारा, शिबुशीचे आखात व पश्चिमेचा फुकिआगेचा वाळवंटी किनारा. अमेरिकेच्या ‘ऑलिंपिक’ नामक योजनेत १ नोव्हेंबर १९४५ रोजी ज्या तीन ठिकाणी एकेक कोअर उतरवावयाची होती, ती ठिकाणे नेमकी हीच. हेरांनी आणलेली ही खबर नव्हे. भूगोल दोन्ही पक्षांना तोच होता, आणि नकाशा नीट वाचणाऱ्या दोन माणसांचे एकमत होण्यास एकमेकांशी बोलणे लागत नाही. वर्षाच्या आरंभी क्यूशूत मोजकीच फौज होती. ऑगस्टपर्यंत तेथे चौदा डिव्हिजना आणि त्याखेरीज स्वतंत्र ब्रिगेडी जमल्या. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरचे हेरखाते जुलैच्या अखेरीस हा आकडा पाच लाख माणसांच्या पलीकडे नेऊ लागले, तेव्हा वॉशिंग्टनमधील मसलतींचा सूर बदलू लागला.

परंतु ह्या साऱ्या जमावाचे पोट एका अरुंद गळ्यातून भरत होते. होन्शू आणि क्यूशू ह्यांच्यामध्ये कान्मोनची सामुद्रधुनी आहे. तिच्या तळाखालून १९४२ मध्ये आगगाडीचा बोगदा सुरू झालेला होता, आणि पाण्यावरून जहाजांची वर्दळ चाले. २७ मार्च १९४५ च्या रात्रीपासून बी-२९ विमानांनी ह्या पाण्यात सुरुंग पेरण्यास आरंभ केला. ते काम इतक्या चिकाटीने चालले की अंतस्थ समुद्रातील वाहतूक महिनोनमहिने आक्रसत गेली. कोरिया व मांचुरियातून येणारे धान्य, कोळसा आणि मीठ त्यामुळे अडकून पडू लागले. दुसऱ्या महासेनेचा खरा शत्रू अजून किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर होता, आणि तिची रसद मात्र तिच्याच अंगणातल्या पाण्यात बुडत होती.

ह्या फौजेविषयीचा माझा मुख्य मुद्दा येथे मांडला पाहिजे. इंग्रजीत ह्या विषयावर जे विपुल लेखन झाले आहे त्यात ही महासेना बहुधा एकाच वादात साक्षीला उभी केली जाते: अणुबाँब टाकणे आवश्यक होते की नव्हते? आवश्यक होते म्हणणारे क्यूशूच्या चौदा डिव्हिजना मोजून दाखवतात. नव्हते म्हणणारे बांबूचे भाले पुढे करतात. दोघांचेही पुरावे खरे आहेत. तथापि उलटतपासणीत सापडलेल्या साक्षीदाराला आपली हकिगत सलग सांगण्याची मुभा कोणी देत नाही, आणि म्हणून ही फौज कशाचे रक्षण करण्यासाठी उभी राहिली हा मूळ प्रश्न तसाच पडून राहतो.

सकृद्दर्शनी उत्तर सरळ आहे: देशाचे. पण ह्या फौजेच्या शिपायांसाठी २० एप्रिल १९४५ रोजी जी युद्धशिकवण काढण्यात आली ती वाचली की ते उत्तर डळमळते. जखमी झालेल्यास मागे पाठवले जाणार नाही; माघार नाही; आणि शत्रूने म्हाताऱ्यांना, बायकांना व पोरांना पुढे घालून चाल केली, तरी ती माणसे स्वतःच्या प्राणांपेक्षा राष्ट्राच्या विजयाचीच इच्छा करतील असे गृहीत धरून शिपायाने कचरू नये, असा तिचा आशय आहे. जूनमध्ये कायदा करून पंधरा ते साठ वर्षांचे पुरुष व सतरा ते चाळीस वर्षांच्या स्त्रिया ह्यांना स्वयंसेवक लढाऊ दलात ओढण्याची तरतूद झाली. म्हणजे ज्यांचे रक्षण करावयाचे तेच रक्षकांच्या रांगेत उभे झाले, आणि रक्षणीय असे कोण उरले, हा प्रश्न कोणत्याही कचेरीने विचारला नाही. लढाईची रीतही त्याच सुमारास बदलली. इवोजिमा आणि ओकिनावा येथे आत खोल दबा धरून शत्रूला झिजवण्याची पद्धत अवलंबण्यात आली होती. क्यूशूत मात्र पाण्याच्या काठालाच भिडावयाचे, शत्रूत इतके मिसळून जावयाचे की त्याच्या तोफांना व विमानांना आपपर ओळखू येऊ नये, असा निर्णय झाला. त्याआधी समुद्रावर, शिकाऊ विमाने धरून साठवलेली हजारो विमाने त्याच्या शिपायांनी भरलेल्या जहाजांवर आपटावयाची. विजयाची आशा ह्या योजनेच्या कर्त्यांपैकी फारच थोड्यांना असावी. त्यांना हवा होता एकच घाव, असा की त्याच्या भयंकर किमतीने अमेरिकन जनतेचे मन कचरेल आणि तहाच्या अटी शिथिल होतील. त्या अटींत सर्वांत आधी सम्राटाचे सिंहासन, आणि लष्करातील अनेकांच्या मनात त्याच्या पाठोपाठ लष्कराची स्वतःची गादी. तात्पर्य, दुसरी महासेना ही तहाच्या वाटाघाटीत टाकावयाची बोली होती, आणि ती बोली क्यूशूच्या रयतेच्या नावे लावलेली होती. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे चौदा डिव्हिजना आणि मातीचे हातबाँब ह्यांत विसंगती राहत नाही. ज्याला जिंकावयाचे नाही, फक्त महाग पडावयाचे आहे, त्याला दोन्ही चालतात.

६ ऑगस्टच्या सकाळी सव्वाआठ वाजता ही बोली लावणाऱ्या कचेरीच्याच शहरावर बाँब पडला. किल्ल्याच्या आवारातील चूगोकू प्रदेशाचे लष्करी ठाणे पार नष्ट झाले आणि त्याचे सेनापती फुजिई योजी मारले गेले. महापौर आवाया सेनकिची मरण पावले. शेजारच्या मैदानावर कवायतीस जमलेले शिपाई जागच्या जागी होरपळले. आणि हवाई हल्ल्यांतली आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे करण्याकरता घरे पाडण्याच्या कामावर लावलेली हजारो शाळकरी मुले त्या दिवशी व पुढील काही दिवसांत मेली. वर्षअखेरपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली असे मानतात. फुताबाच्या पायथ्याची बराक स्फोटकेंद्रापासून सुमारे दोन किलोमीटरांवर. ती मोडली, पण हाता किरकोळ जखमांवर निभावला. शहरातली मुलकी सत्ता एका क्षणात नाहीशी झाल्यामुळे मदतीचा सारा अखत्यार त्याच्याकडे आला, आणि त्याने उजिनाच्या नौवाहतूक दलाचे सेनापती साएकी बुनरो ह्यांच्यावर मदतकार्य सोपवले. किनाऱ्यावर शत्रूशी लढण्यासाठी निर्माण झालेल्या महासेनेच्या हातून घडलेली सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे रस्ते मोकळे करणे, प्रेते जाळणे आणि भाताचे गोळे वाटणे ही होय. आणि ती तिने बऱ्यापैकी पार पाडली, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे.

त्या दिवशीच्या दोन हकिगती येथे नमूद करतो. किल्ल्यातल्या अर्ध्या भुयारी दळणवळणाच्या खोलीत हिजियामा कन्याशाळेच्या मुली नेमणुकीवर होत्या. त्यांपैकी एकीने ढिगाऱ्यातून मार्ग काढून टेलिफोन गाठला आणि हिरोशिमा संपले ही खबर फुकुयामाच्या लष्करी ठाण्याला दिली. दुसरी हकिगत कोरियाच्या पदच्युत राजघराण्यातील राजपुत्र यी उ ह्याची. जपानी लष्करात लेफ्टनंट कर्नल असलेला हा बत्तीस वर्षांचा तरुण दुसऱ्या महासेनेच्या कचेरीत नेमलेला होता. त्या सकाळी तो घोड्यावरून कामावर निघाला, वाटेत सापडला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या तैनातीतील अधिकाऱ्याने त्यानंतर आत्महत्या केली. ज्या राष्ट्राचे स्वातंत्र्य १९१० साली जपानने गिळले त्या राष्ट्राचा राजपुत्र जपानच्या भूमीचे रक्षण करणाऱ्या फौजेत मरतो, आणि १९७० मध्ये कोरियन मृतांसाठी उभारलेला स्तंभ तो जेथे सापडला त्या नदीकाठी उभा राहतो. शांतिउद्यानाच्या आत त्या स्तंभाला जागा मिळण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

पुढचे थोडक्यात सांगतो. ९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चाललेल्या शरणागतीविषयीच्या बैठकीत सम्राटांनी, पूर्वेकडच्या कुजुकुरी किनाऱ्याची तटबंदी ठरल्या मुदतीत पुरी झाली नाही आणि नव्या डिव्हिजनांस हत्यारे नाहीत, असे बोलून दाखवले. हे वर्णन पहिल्या महासेनेच्या मुलखाचे असले तरी पश्चिमेकडेही ते तंतोतंत लागू होते. १४ ऑगस्टला सम्राटांनी आपल्या ज्येष्ठ सेनानींना पाचारण केले. पहिल्या महासेनेचा सेनापती सुगियामा आणि नौसेनापती नागानो ह्यांनी लढा चालू ठेवण्याचा सूर लावला. नुकताच हिरोशिमाहून आलेला हाता मात्र म्हणाला की शत्रूला मागे रेटण्याचा भरवसा मला देता येत नाही. सुगियामाने सप्टेंबरात स्वतःला गोळी घालून घेतली. हाता तोक्योच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे उभा राहिला, चीनमध्ये आपल्या फौजांचे अत्याचार न रोखल्याच्या आरोपासह अनेक आरोपांवर जन्मठेपेस पात्र ठरला, १९५४ साली सुटला आणि १९६२ साली वारला. त्या न्यायपीठावरील भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल ह्यांनी सर्वच आरोपींना निर्दोष ठरवणारा आपला स्वतंत्र निकाल दिला होता. त्यांचा कायदेशीर युक्तिवाद वजनदार आहे, पण हाताच्या बाबतीत तो मला पटलेला नाही.

ह्या मुलखात पुढे मराठी माणसेही गेली. १९४६ मध्ये ब्रिटिश राष्ट्रकुलाची जी ताबा घेणारी फौज पश्चिम जपानात आली, तिच्यातील ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचे ठाणे ओकायामा येथे होते, आणि तिच्यातल्या ब्रिगेडियर थिमय्या ह्यांच्या हिंदी ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती. सातारा-रत्नागिरीकडच्या त्या जवानांच्या वाट्याला पहारे, गस्ती आणि जपानी दारूगोळ्याची विल्हेवाट, अशी कामे आली. १९४७ मध्ये हिंदी तुकड्या मायदेशी परतल्या.

शेवटी साधनांविषयी. शरणागतीच्या दिवसांत लष्करी दप्तरे जाळून टाकण्याचे हुकूम सुटले, आणि हिरोशिमाच्या दप्तराला तर त्या हुकुमाची वाट पाहावी लागली नाही. आज जे उपलब्ध आहे त्याचा मोठा भाग मॅकआर्थरच्या कचेरीने माजी जपानी अधिकाऱ्यांकडून लिहवून घेतलेल्या टिपणांचा, आणि पुढे जपानच्या संरक्षण खात्याने प्रसिद्ध केलेल्या १०२ खंडांच्या युद्धेतिहासाचा. त्यांतील दोन खंड मायभूमीवरील अखेरच्या संग्रामाच्या तयारीस वाहिलेले आहेत, एक कांतोला व एक क्यूशूला. हे लेखन करणारे बहुतेक ती योजना आखणारेच होते. त्यांच्या कोष्टकांत एखादी डिव्हिजन ‘उभारणी पूर्ण’ ह्या सदरात असली, तर तिच्याकडे किती बंदुका होत्या आणि तिच्या भाताचे पोते कोणत्या गाडीने येत होते, हे वाचकाने दुसरीकडे शोधावे. म्हणूनच ह्या ग्रंथाचे पहिले प्रकरण हाताच्या कचेरीपासून सुरू न होता कान्मोनच्या सामुद्रधुनीपासून, तेथील जहाजांच्या ये-जा नोंदींपासून सुरू होते.